बहिणींची नावं आधी लागू द्या: वारसाचा फेर, हक्कसोड आणि खातेफोड

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातलं गाव. पाच एकर शेत वडिलांच्या नावावर, तीन एकर अजून आजोबांच्याच नावावर, आणि गावठाणात एक माळवदाचं घर. आजोबा १९८७ साली वारले, वडील तीन वर्षांपूर्वी. मागे आई, दोन भाऊ आणि लग्न झालेल्या दोन बहिणी. थोरला भाऊ म्हणतो, बहिणींना जमीन नकोच आहे, तर त्यांची नावं लावायची कशाला. तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारा एक जण म्हणतो, पाचशेच्या बाँडवर बहिणींच्या सह्या घ्या, नोटरी करा, झालं काम. धाकट्या भावाने विचारलंय की हे बरोबर आहे का, आणि जमीन नावावर करायला सुरुवात कुठून करायची.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी लातूर-धाराशिव पट्ट्यात झाली. वारसाचे फेर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या फेरफाराच्या नोंदी, मंजूर करणं हे रोजचं काम होतं, आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांची कागदं बघून देतो. त्या अनुभवावर सांगतो.

भाऊ, तुम्ही हे एक काम समजताय, पण यात तीन कामं एकमेकांत अडकलीत. पहिलं, मयताचे वारस कोण, याची सरकारदरबारी नोंद. दुसरं, त्या वारसांपैकी कुणाला आपला हिस्सा सोडायचा असेल तर त्याचा दस्त. तिसरं, उरलेल्यांत कुणाचा बांध कुठून कुठपर्यंत, म्हणजे वाटणी, जिला आपल्याकडे खातेफोड म्हणतात. तिन्हीचे कागद वेगळे, तिन्हीची कार्यालयं वेगळी. तुमचे थोरले भाऊ पहिलं आणि दुसरं काम एका फटक्यात उरकायला निघालेत. नेमकं तिथेच पुढच्या वीस वर्षांचं भांडण पेरलं जातं.

आधी पहिल्या कामाबद्दल. माणूस वारला त्या क्षणी त्याचा हक्क वारसांकडे जातो. फेर झाला म्हणून हक्क मिळत नाही आणि फेरात नाव नाही म्हणून हक्क जात नाही. सातबारा आणि फेरफार ही महसुलाची नोंद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणून बहिणींची नावं गाळून तुम्ही फेर मंजूर करून घेतला तरी त्यांचा हिस्सा तिथेच राहतो. फक्त तुमचा सातबारा खोटा होतो. शिवाय वारसांची यादी शपथपत्रावर द्यावी लागते. त्यात बहिणी नाहीत असं लिहिणं म्हणजे खोटं शपथपत्र, आणि तो गुन्हा आहे. सही तुमची असेल, सल्ला देणाऱ्याची नसेल.

बहिणी आज 'नको' म्हणतात ते मनापासूनच म्हणत असतील. पण त्यांच्यानंतर त्यांची मुलं येतात, आणि मामाच्या बाँडवर आईने काय लिहून दिलं होतं ते त्यांच्यावर बंधनकारक नसतं. आमच्या भागातल्या एका घरात असंच झालं. रस्त्यासाठी जमीन संपादित झाली, मोबदल्याची नोटीस आली आणि दोन्ही भाऊ कागद घेऊन पोचले. पंधरा वर्षांपूर्वी मरण पावलेल्या बहिणीच्या मुलाने हरकत टाकली. त्याच्याकडे फक्त आजोबांचा जुना सातबारा आणि आईच्या शाळेचा दाखला होता. दाखल्यावर वडिलांचं नाव, सातबाऱ्यावर तेच नाव, एवढं पुरेसं झालं. वाद उभा राहिल्यावर मोबदला वाटला गेला नाही, तो निकालापर्यंत अडकून पडला. भावांनी काढलेला बाँड त्या दिवशी कुणी हातातही घेतला नाही.

बाँड का चालत नाही, तेही समजून घ्या. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर तो दस्त नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोटरी फक्त एवढं सांगते की सही या माणसाने केली. तिने हक्क इकडचा तिकडे होत नाही. तलाठ्यापुढे दिलेला 'मला हिस्सा नको' असा जबाबही हक्कसोड ठरत नाही.

बहिणींचा हिस्सा किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण उत्तर माहीत असायला हवं. तुमचं कुटुंब हिंदू वारसा कायद्याखाली येतं असं धरून चालतो. मुस्लिम कुटुंबात हिस्से निराळे निघतात. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, दोन मुलगे, दोन मुली असे पाच समान हिस्से पडतात. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, प्रत्येकी चाळीस गुंठे, म्हणजे एकर. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेबाची वाट वेगळी असते, पण तुमच्यासारख्या घरात तोही पाचव्या हिश्शाशीच येऊन थांबतो. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट झालंय. लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, माहेरी किती खर्च झाला, यातलं काहीही हिश्शातून वजा होत नाही.

आता आजोबांच्या तीन एकरांकडे या. तुमच्या प्रश्नात सगळ्यात कमी शब्द याला आहेत आणि खरी अडचण इथेच आहे. आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर थेट उडी मारता येत नाही. आधी आजोबांचे वारस लागतात, मग त्यातल्या वडिलांच्या जागी तुम्ही लागता. आणि आजोबांचे वारस म्हणजे एकटे तुमचे वडील नव्हेत. तुमच्या आत्याही आहेत. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्यानंतर वारलेल्या माणसाची मुलगी वारस आहेच, त्यामुळे १९८७ च्या मृत्यूत आत्यांचं नाव येणारच. आत्या वारली असेल तर तिची मुलं येतील. बिदर, जहिराबादकडे दिलेल्या आत्यांचा पत्ता घरात कुणालाच नसतो, हे मी किती तरी वेळा पाहिलंय. म्हणून पहिलं काम तहसीलला जायचं नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि वंशावळ लिहा. जन्म, मृत्यू, लग्न, गाव, सध्याचा पत्ता, सगळं. तुमच्या आईला जे माहीत आहे ते पुढे विचारायला कुणी उरणार नाही.

आत्यांचा हिस्सा नेमका किती, हे ती जमीन आजोबांकडे कशी आली यावर ठरेल. त्यासाठी मागचे फेर काढा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, त्या प्रत्येकाची नक्कल मागा. मराठवाड्यात आणखी मागे जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक हा पायाचा कागद आहे. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतो. त्याच्या मागची निजामकाळातली कागदं उर्दूत, काही मोडीत असतात. ती वाचून देणारी माणसं आजही जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. सगळ्यांनाच इतकं मागे जायची गरज पडत नाही. पण सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर बंधनं असलेली जमीन) असं लिहिलेलं असेल, म्हणजे जमीन सीलिंगची, शासनाने वाटप केलेली किंवा मदतमाश इनामाची वगैरे असेल, तर मात्र मुळाशी जा. वर्ग २ ची वारस नोंद होते, पण पुढचा हस्तांतराचा दस्त करण्याआधी परवानगी लागते का, हे तहसीलला लेखी विचारून घ्या.

वारस नोंदीची रीत साधी आहे. अर्ज, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र, वंशावळ, आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा). अर्ज गावच्या तलाठ्याकडे (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय) किंवा ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावं असं कलम १४९ म्हणतं. तीन वर्षं झाली म्हणून नोंद नाकारली जात नाही, उशिराची नोंदही होते. अर्ज वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-कमध्ये चढतो, गावात चौकशी होते, फेर ओढला जातो, सगळ्या हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेर प्रमाणित करतात. हरकत आली तर तो वादाच्या नोंदवहीत जातो, सुनावणी होते, आणि निकाल मान्य नसेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) साठ दिवसांत अपील करता येतं.

आजोबांचा मृत्यू दाखला नसेल, आणि १९८७ चा बहुधा नसतोच, तर आधी तो उभा करावा लागेल. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. हे वेळखाऊ आहे, म्हणून दोन्ही नोंदी एकत्र ओढत बसू नका. वडिलांच्या पाच एकरांचा फेर आधी होऊ द्या. पीक विमा, पीक कर्ज, अतिवृष्टीचं अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं मयताच्या नावापाशी येऊन अडतं. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी.

नावाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मी कामं इथे अडकतात. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव 'कमलबाई भ्र. माणिक' असं असतं आणि पुरुषाचं 'दत्तू पि. माणिक' असं (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा; पि. म्हणजे पिता). आधारवर तीच बाई 'कमल माणिकराव' आणि पुढे आडनाव अशी असते, आणि दत्तूचा 'दत्तात्रय' झालेला असतो. बहिणींचं तर दुहेरी असतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. वारसाच्या अर्जात त्यांचं नाव आधारप्रमाणे लिहा, पुढे 'उर्फ' म्हणून माहेरचं पूर्ण नाव लिहा, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं बहिणीचं शपथपत्र जोडा. हे आज केलं तर दहा मिनिटांचं काम आहे. उद्या सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढलं तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज, नोटीस, आदेश आणि परत एक फेर. आईचं नाव लावतानाही एकेक अक्षर आधारशी ताडून बघा.

खरेदीखतासारख्या नोंदलेल्या दस्तातच नाव किंवा गट नंबर चुकला असेल तर तलाठी किंवा तहसीलदार तो दुरुस्त करू शकत नाहीत. त्याला सब-रजिस्ट्रारकडे चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि मूळ दस्तातल्या दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. विकणारा वारला असेल तर त्याचे वारस सही करतात. वडिलांनी पाच एकर खरेदी केलेली असेल तर ते खरेदीखत आत्ताच काढून गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी जुळवून घ्या.

आता दुसरं काम, हक्कसोड. बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागल्यावर त्यांना खरंच सोडायचं असेल तर रस्ता अगदी मोकळा आहे, आणि खर्च तुम्हाला वाटतो तितका नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भाऊ, बहीण, आई, मुलं यांच्या नावे सोडला तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते २०० होतं. म्हणजे जो बाँड तुम्ही काढणार होता तेवढ्याच मुद्रांकात नोंदणीकृत दस्त होतो, वर नोंदणीचा खर्च आणि लिहिणावळ. बहीण स्वतः सब-रजिस्ट्रारपुढे येते, दोन साक्षीदार असतात, फोटो आणि अंगठा होतो. दस्त नोंदला की त्यावरून पुढचा फेर सुरू होतो.

हक्कसोड कुणाच्या नावे, ते स्पष्ट लिहा. 'भावांच्या नावे' असं मोघम नको. एका भावाच्या नावे की दोघांच्या, आणि किती किती, ते असायला हवं. आई हयात असताना तिला बाजूला ठेवून दस्त करू नका. दस्तात गट नंबर आणि क्षेत्र दोन्ही लिहा, 'माझा सर्व हिस्सा' एवढ्यावर थांबू नका. बहिणीला काही रक्कम द्यायचं ठरलं असेल तर ती आकड्यासह दस्तात लिहा आणि बँकेतून द्या. 'सोयाबीन आल्यावर देतो' हे तोंडी ठेवलं की दोन हंगामांनी बहीण-भाऊ बोलायचे बंद होतात.

आणि एक गोष्ट तुम्हाला मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो. सही घेण्याआधी बहिणींना त्यांचा हिस्सा किती आहे आणि गावात आज एकराचा भाव काय चाललाय, हे दोन्ही सांगा. दस्ताचा मसुदा त्यांच्या घरी जाऊ द्या, त्यांच्या माणसांना वाचू द्या, महिनाभर जाऊ द्या. माहेर तुटू नये म्हणून, राखी-दिवाळीला दार उघडं राहावं म्हणून न वाचता सही करणाऱ्या बाया मी खूप पाहिल्यात. नोंदलेली हक्कसोड सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून ती समजून केलेली असावी, असं मला फार मनापासून वाटतं. यात तुमचाही फायदा आहे. फसवून किंवा दबावाने सही घेतली असा आरोप पुढे टिकत नाही. एखादी बहीण म्हणाली की माझं नाव राहू द्या, तर राहू द्या. सामाईक सातबाऱ्यावर तिचं नाव राहिल्याने तुमचं शेत कसायचं थांबत नाही.

आईचं नावही काढायची घाई करू नका. तिच्या नावावरचा एकर हा तिचा म्हातारपणाचा आधार आहे. तिला पुढे कुणाला द्यायचा असेल तर ती मृत्युपत्र करू शकते, किंवा हयातीत बक्षीसपत्र. मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक कर वगैरे येतो. पण बक्षीसपत्र झालं की जमीन लगेच हातातून गेली. मृत्युपत्र तिला शेवटपर्यंत बदलता येतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी मृत्युपत्रच सुचवतो.

खातेफोड सगळ्यात शेवटी. सगळे सहमत असतील तर कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज होतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये माफ झाली आहे. तुकडेबंदीचं भान ठेवा. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे ही मर्यादा आहे, त्याखाली वेगळा तुकडा पडणार नाही. एक जण जरी अडला तर तहसीलमध्ये काम होत नाही, दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो.

वाटणीत लोक जमिनीची वाटणी लिहितात आणि पाणी विसरतात. आपल्या भागात तेच उलट हवं. विहीर कुणाच्या हिश्शात आली, मोटार कुणाची, वीज बिल कसं भरायचं, पाळी किती दिवसांची, पाइपलाइन कुणाच्या वावरातून जाते, बोअर कोरडा पडला तर विहिरीवर हक्क राहणार का, हे एकेक लिहा. वहिवाटीचा रस्ताही बैलगाडीपुरता की ट्रॅक्टरपुरता, फुटांत लिहा. मार्च-एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की हाच कागद कामाला येतो. भूमी अभिलेखची मोजणी करून खुणा गाडून घ्या, मग बांध टाका.

घराचं काम वेगळं आहे, ते सातबाऱ्याच्या फेरात होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वारस लावायचा अर्ज निराळा द्या. नमुना आठ ही कराची नोंद आहे, त्याला मालकीचा पुरावा समजू नका. तुमच्या गावात स्वामित्व योजनेचं ड्रोन सर्वेक्षण झालं असेल तर घराचं मालमत्ता पत्रक निघालं असेल. त्यावर कुणाचं नाव पडलंय ते आधी बघा. गावात राहणाऱ्या एकट्या भावाचं नाव पडलं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात लगेच दुरुस्तीचा अर्ज करा.

बँकेचा किंवा सोसायटीचा कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात असेल तर वारस नोंद होते, बोजा सोबत चालत येतो. कर्ज फिटलेलं असेल तर बेबाकी प्रमाणपत्र घेऊन तो कमी करून घ्या. खातेफोडीच्या आधी हे उरका, नाही तर एकाच कर्जाचा बोजा चौघांच्या सातबाऱ्यावर चढतो.

तेव्हा या आठवड्यात तुम्ही करायचं ते एवढंच. दोन्ही गटांचे डिजिटल सहीचे सातबारे आणि आठ-अ काढा, त्यावरच्या फेरांच्या नकला मागा, आईजवळ बसून वंशावळ लिहा, आणि दोन्ही बहिणींना स्वतः फोन करून सांगा की तुमची नावं लावतोय. थोरल्या भावाला हे उत्तर वाचून दाखवा. आत्या बाहेरगावी असतील तर वारस नोंदीसाठी त्यांनी समक्ष यायची गरज नाही, त्यांची नावं आणि पत्ते अर्जात बरोबर हवेत म्हणजे नोटीस त्यांच्यापर्यंत पोचेल. पुढे त्यांना हक्कसोड करायची असेल आणि प्रवास झेपत नसेल, तर त्या आहेत तिथल्या सब-रजिस्ट्रारकडे मुखत्यारपत्र नोंदवून पाठवू शकतात. त्यात 'हक्कसोड करण्याचा अधिकार' हे शब्द आणि आपल्या गावाचे गट नंबर असायला हवेत, आणि मुखत्यार म्हणून ज्याच्या नावे हक्क सोडला जातोय तोच माणूस नेमू नका.